पावलातल्या वाटा

चित्र पडद्यावर उमटलं तेव्हा मी चहाचा कप तोंडाशी नेत होते. तो तसाच खाली ठेवला आणि नंतर त्या चहावर साय धरली.

माणसाच्या पायात रक्त कुठून कुठे जातं हे बघण्यात माझी वीस वर्षं गेली. मिरजेतल्या या हॉस्पिटलात आल्यापासून तर मी इतके पाय पाहिलेत की माणसांचे चेहरे विसरते, पाय लक्षात राहतात. आता कुठलाही पाय आपल्याला नवं काही दाखवणार नाही, असं मी मनात धरून चालले होते. गर्वाचं घर खाली म्हणतात ते उगाच नाही.

पडद्यावर मालन चौगुले यांचं डावं पाऊल होतं. खरं तर पाऊल नव्हतंच. हाड नाही, मांस नाही, कातडी नाही. काळोखात नुसतं वाहणारं रक्त. घोट्याच्या वर मोठी वाहिनी तुटल्यासारखी संपत होती, आणि तिच्या कडेने केसाएवढ्या बारीक वाटा फुटल्या होत्या. त्या वळसे घेत, एकमेकींना भेटत तळव्यापर्यंत उतरत होत्या. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला सगळ्या एकदम उजळायच्या आणि मंद व्हायच्या. मला रडू आलं, आणि मी रडकी बाई नाही.

कारण आठवड्यापूर्वी याच पावलात मला काहीच दिसलं नव्हतं.

रक्तवाहिनी आपणहून दिसत नाही. क्ष-किरणांना रक्त आणि मांस जवळजवळ सारखंच. म्हणून रक्तात असं काही सोडावं लागतं की ते उठून दिसेल. त्याला आम्ही डाय म्हणतो. जुना डाय आयोडीनचा. तो क्ष-किरण अडवतो आणि वाहिनी पांढरी दिसते. पण थोड्या वेळात तो लघवीवाटे बाहेर पडू लागतो, म्हणून मिळतो तो एका क्षणाचा फोटो. मधुमेहाने मूत्रपिंडं थकलेल्या माणसाला तर तो जपून, एखाद्या वेळीच द्यावा लागतो.

नवा डाय म्हणजे त्या माणसाचंच रक्त. थोडं रक्त काढायचं आणि त्यातल्या तांबड्या पेशी पातळ मिठाच्या पाण्यात ठेवायच्या. त्या फुगतात, त्यांच्या पापुद्र्याला बारीक भोकं पडतात, आणि तेवढ्यात लोहाचे अतिसूक्ष्म कण आत शिरतात. मग मीठ वाढवलं की भोकं मिटतात. ते रक्त परत त्याच माणसाच्या अंगात. मशीनचं एक कडं पावलाभोवती बसतं, ते चुंबकीय क्षेत्र हलवत राहतं आणि त्याला फक्त ते कण उत्तर देतात. बाकी सारं शरीर गप्प बसतं. किरण नाहीत, मूत्रपिंडाला त्रास नाही. पेशी महिनोन् महिने जगते, तोवर ते रक्त आम्हाला दिसत राहतं. पेशी म्हातारी झाली की प्लीहा तिला मोडते आणि आतलं लोह नव्या रक्तासाठी ठेवून देते. हे शेवटचं वाक्य मी शेकडो वेळा लोकांना समजावलं आहे. दर वेळी सांगताना माझाच आवाज जरा हळू होतो.

या दोन डायची तुलना आमच्याकडे चालू होती. एकच पाय, आधी जुना डाय, काही दिवसांनी नवा. दोन्ही चित्रं परगावच्या तज्ज्ञांकडे जायची आणि घोट्याखाली किती वाहिन्या दिसतात ते त्यांनी सांगायचं. या कामाला मी सहा वर्षं घातली होती. मालनबाईंची दोन चित्रं शेजारी ठेवली तर भाषण करायचीही गरज नव्हती. दिल्लीच्या बैठकीत हीच दाखवायची, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

आमचे सर्जन रियाज जमादार पडद्यापाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, मला पलीकडचं एक टोक पाहिजे होतं," ते म्हणाले. "मांडीतली शीर काढायची आणि वरून थेट त्या टोकाला शिवायची. टोक नव्हतं म्हणून गुडघ्याखालून पाय काढायचं ठरलं होतं. आणि हितं एवढी टोकं आहेत."

"मग पाय काढायचा नाही."

"काळी पडलेली दोन बोटं जातील. पाऊल राहील."

मालनबाई तासगावच्या पलीकडच्या, साठी ओलांडलेल्या. बेदाण्याच्या शेडवर काम करायच्या. द्राक्षं जाळीवर पसरायची, उलटायची, रॅकवर चढायचं. मी त्यांना बातमी सांगितली तेव्हा त्यांनी पदराने नाक पुसलं.

"बरं झालं बाई. पाय गेला की मानूस खाटंवर. आनि खाटंवरच्या बाईला आदी पानी इचारत्यात, मग जेवान इचारत्यात, मग काय बी इचारत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी सकाळी टाके कुठे घालायचे ते नक्की करायला जमादार पुन्हा मशीनपाशी आले. मालनबाईंनी पाऊल कड्यात ठेवलं, मी मशीन सुरू केलं, आणि पावलात काळोख. दोन वाटा कशाबशा दिसत होत्या, त्याही आमच्या डोळ्यांदेखत विझल्या.

जमादारांनी मला खोलीबाहेर नेलं. "कालचं खरं, का आजचं?"

आजचं खरं असेल तर काल कण एकमेकांना चिकटून खोट्या रेषा उमटल्या होत्या, म्हणजे माझी सहा वर्षं पाण्यात. कालचं खरं असेल तर रातोरात त्या वाटा गेल्या कुठे? पुन्हा जुना डाय देऊन पडताळावं, तर बाईंची मूत्रपिंडं ते सोसणार नव्हती.

"मॅडम, भुताला टाका घालता येत नाही मला," जमादार म्हणाले. "बोटांचा संसर्ग वर चढतोय. सोमवारपर्यंत थांबतो. वाटा दिसल्या तर शिवतो. नाहीतर पाय काढतो, कारण मग प्रश्न जिवाचा आहे."

तो गुरुवार होता. शुक्रवारी मी वॉर्ड जागा व्हायच्या आत मालनबाईंना खुर्चीत बसवलं आणि पाऊल कड्यात ठेवायला लावलं. दिवसभर इथून हलायचं नाही म्हणाले. नव्या डायचा हाच तर फायदा. तो कितीही वेळ बघू देतो. पडदा उजळला. सगळ्या वाटा जागच्या जागी, शांतपणे वाहत होत्या. आता या कशा जातात ते मी बघणार होते.

थोड्या वेळाने त्यांचे यजमान आण्णासो भाकरीचा डबा घेऊन आले. उंच, हाडकुळा, फार न बोलणारा माणूस. बायकोच्या पायाभोवतीचं कडं बघून दारातच थबकला. मालनबाईंनी चूळ भरायला पाणी मागितलं, मी भांडं दिलं. त्यांनी पदर आडवा धरून तोंड फिरवलं. मी पडद्याकडे वळले.

काही मिनिटांत करंगळीच्या बाजूची वाट बारीक झाली. मग तिच्या शेजारची. एकेक वाट आवळत गेली. आतलं रक्त दाटलं, थांबलं आणि दिसेनासं झालं. पाऊल खालून वर विझत आलं. जिवंत माणसाच्या आत हे असं घडताना आजवर कुणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

मी वळून पाहिलं. मालनबाईंच्या तर्जनीचं टोक काळं होतं. आण्णासो एका पत्र्याच्या डबीचं झाकण लावत होते.

"काय लावलंत?"

"मिस्री," त्या म्हणाल्या. "सकाळची मिस्री लावल्याबिगर पोट साफ हुईत न्हाई माजं."

"मी तुम्हाला तंबाखूचं विचारलं होतं ना?"

"तंबाखू कुटं खातो मी? आमच्या घरात तंबाखूला कुनी शिवत न्हाई." त्यांना खरोखर राग आला होता. "ह्ये दातास्नी लावायचं. लावायचं आनि थुकायचं."

त्या खोटं बोलत नव्हत्या. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि बोटाने हिरड्यांवर फिरवायची; या भागातल्या कितीतरी बायकांचा दिवस त्याशिवाय उजाडत नाही, आणि त्यांच्या लेखी ते व्यसन नाही, तोंड धुणं आहे. पण हिरडीतून निकोटीन तडक रक्तात उतरतं आणि बारीक वाहिन्यांच्या भिंती आवळतं. धडधाकट पायाला ते कळतही नाही. मालनबाईंचं पाऊल मात्र त्या बारीक वाटांवरच जगत होतं.

मग त्या दोघांना विचारत गेले तशी माझ्या डोक्यात दिवसांची संगती लागली. जुना डाय दिला त्या दिवशी हे दोघं गावाहून थेट आले होते, आणि बाहेरच्या बाकावर बसून बाईंनी मिस्री लावली होती. नव्या डायच्या आधी आभाळ आलं, शेडवरचा माल झाकायला आण्णासो दोन दिवस गावीच राहिले आणि वॉर्डात डबी संपली. गुरुवारी सकाळी ते भरलेली डबी घेऊन परतले आणि पाऊल विझलं. म्हणजे आम्ही दोन डायची तुलना करत नव्हतो. डबी भरलेला दिवस आणि डबी रिकामी असलेला दिवस यांची करत होतो. आमच्या एकाही हुशार माणसाच्या हे ध्यानात आलं नव्हतं, आणि त्या हुशार माणसांत मी पहिली.

पण त्या क्षणी मला आनंदच झाला होता. वाटा खऱ्या होत्या. मी पडदा सरळ आण्णासोंकडे फिरवला आणि दाखवू लागले: हे बघा, डबी उघडायच्या आधी असं होतं, आणि हे नंतर. पुन्हा दाखवलं. सावकाश करूनही दाखवलं.

"ह्ये माज्या डबीनं?" त्यांनी विचारलं.

"हो. बघा ना कसं स्पष्ट दिसतंय."

त्यांनी डबी खिशात टाकली, भाकरीचा डबा खुर्चीपाशी ठेवला आणि निघून गेले.

मालनबाई दाराकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. "त्यास्नी कशापायी दावलासा?"

"अहो, त्यांना कळायला नको का?"

"मला एकटीला सांगायचं हुतं. मी सोडली असती मिस्री, काय बी निमित काडून. भाजताना धूर हुतोय, मला ठसका लागतोय, म्हनून लगीन झाल्यापास्नं ते भाजत्यात. चार बाया हसल्या तरी भाजत्यात. त्यांनी मला दुसरं काय दिलंय बाई? साडी न्हाई, डाग-दागिना न्हाई. तेवडं एकच कौतिक हुतं, आनि त्ये तुमी असं उगडं करून दावलासा."

माझं मशीन रक्त दाखवतं. ते कुणाला दाखवावं हे सांगत नाही.

शनिवारी आण्णासो आले नाहीत. फोन उचलला नाही. मिस्री बंद झाल्यापासून वाटा उजळ होत्या, जमादार तयार होते, आणि मालनबाई अडून बसल्या. "ते आल्याबिगर मी टेबलावर चडनार न्हाई." जमादारांनी समजावलं, मी समजावलं. ताप चढू लागला होता. शेवटी मीच त्यांच्या खाटेवर बसले आणि विचारलं, पाय कधीपासून दुखतोय.

"झाली की चार वरसं. चालायला गेलं की पोटरीत गोळा यायचा. मी म्हनायचो, बसतो घरात. पन आमचं मालक सोडायचं न्हाईत. रोज सांजचं कॅनॉलपतूर न्यायचं. दुकलं की हुबं ऱ्हायचं, थांबलं की परत चालायचं. मी शिव्या घालायचो त्यास्नी. ते निस्ते काठी घिऊन हुबं ऱ्हायचं."

मी उठून उभी राहिले.

रविवारी सकाळी मी गाडी काढून त्यांच्या गावी गेले. शेडमध्ये मजल्यामजल्यांनी जाळ्या बांधल्या होत्या आणि त्यांवर द्राक्षं सुकत होती; काही अजून हिरवी, काही सोनेरी. आंबूस-गोड वास भरून राहिला होता. शेडच्या मागे बांधावर एक काळाकुट्ट तवा उपडा फेकलेला होता. आण्णासो द्राक्षं उलटत होते. मला बघून त्यांनी हात पुसले, पण मान वर केली नाही.

"तिचा पाय मी खाल्ला," ते म्हणाले. "एवड्या वरसांत तिनं सवता एकदा बी भाजली न्हाई."

मी खाली जमिनीवरच बसले आणि टॅबलेटवर ते पाऊल काढलं, सकाळचं, वाहणारं. "आण्णासो, या बारीक वाटा बघा. जन्मतः कुणाच्या पायात त्या अशा नसतात. मोठी वाहिनी बंद होत आली की शेजारचे केसासारखे फाटे वाढायला लागतात. पण आपोआप पुरेसे वाढत नाहीत. पायाला रक्ताची ओढ लागली पाहिजे. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. त्या ओढीने फाटे रुंदावतात. मालनबाई घरात बसल्या असत्या तर शिवायला टोकच उरलं नसतं. त्यांना रोज कॅनॉलपर्यंत कोण नेत होतं?"

त्यांनी टॅबलेट हातात घेतला. त्यांचा अंगठा पडद्यावर एका वाटेवरून हळूहळू खाली गेला. पाणी सोडलेल्या शेतात माणूस पाटाच्या कडेने चालतो, तसा.

"म्हंजे बांद बी मीच घातला आनि पाट बी मीच काडला?"

"हो."

मग ते म्हणाले, "ह्ये आत्ता वाहतंय? तिच्यात?"

"आत्ता. आपण बोलतोय तोवर."

त्यांनी शर्ट बदलला आणि माझ्या गाडीत येऊन बसले. वॉर्डात शिरल्यावर मालनबाई म्हणाल्या, "जेवलासा का?" आणि ते म्हणाले, "न्हाई." मग दोघांनी एका डब्यात जेवण केलं. ऑपरेशनला होकार त्यानंतर मिळाला.

सोमवारी जमादारांनी शीर शिवली. शेवटचा टाका घालून चिमटा सोडला तेव्हा कडं पावलाभोवतीच होतं. वरून रक्ताची लाट आली, त्या केसाएवढ्या वाटेत शिरली आणि सगळ्या फाट्यांत पसरली. अंधारातली बोटं, टाच, तळव्याची कमान, सारं एकेक करून उजळत गेलं. टेबलावर पावलाचा निळसर रंग जाऊन गुलाबी येत होता. जमादार दोन्हीकडे आळीपाळीने बघत होते. "सुभानल्ला," ते एवढंच म्हणाले. दोन बोटं गेली. पाऊल राहिलं.

मालनबाईंची चित्रं मी तुलनेतून काढून टाकली. जमादार म्हणाले, मॅडम, सगळ्यात देखणं चित्र तुम्हीच बाहेर काढताय. पण देखणं असलं तरी ते डायचं श्रेय नव्हतं. मग मी आमच्या सगळ्या रुग्णांना नव्याने विचारलं, मिस्री लावता का, तपकीर ओढता का, आणि आणखी काही चित्रं बाहेर गेली. उरलेल्यांत नवा डाय जिंकला, पण थोडक्यात. दिल्लीला मी तो थोडका आकडा वाचला. टाळ्याही बेतानेच पडल्या, आणि मला शांत झोप लागली.

दोन महिन्यांनी ते दोघं तपासणीला आले. मालनबाई काठी टेकत, पण चालत आल्या. अंगात अजून तेच रक्त होतं, म्हणून नवा डाय द्यायची गरज नव्हती. पाऊल कड्यात ठेवलं आणि सगळ्या वाटा दिसू लागल्या, पहिल्यापेक्षा भरलेल्या.

तेवढ्यात आण्णासोंनी खिशातून तीच पत्र्याची डबी काढली.

माझा पारा चढला. "आण्णासो, हे काय?"

"राखुंडी हाय, बाई. बदामाची टरफलं जाळली, मीठ घाटलं, लवंग घाटली. तंबाखूचा कन न्हाई. तवा त्योच हाय, पन राखेनं घासून घासून घेतलाय." ते घुटमळले. "अजून तिला दिली न्हाई. म्हटलं आदी हितं लावू दे. तुमी बगा. काय हुईत न्हाई म्हनला, तर घरी देतो."

एकच पाऊल, एकच वेळ, बदललेली फक्त डबी. याहून चोख तुलना मी सहा वर्षांत केली नव्हती. मी पडदा आण्णासोंकडे फिरवला, आणि आधी मालनबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली.

त्यांनी बोट बुडवलं, पदर आडवा धरला आणि दात घासले. आण्णासो स्टूल ओढून पडद्यापुढे बसले. करंगळीच्या बाजूची वाट वाहत होती. तिच्या शेजारची वाहत होती. वेळ गेला. ठोक्यामागून ठोका पडत होता आणि पाऊल उजळत होतं, मंद होत होतं, पुन्हा उजळत होतं.

"झालं की वो बगून," मालनबाई काळ्या दातांनी म्हणाल्या. "बाईस्नी कामं असत्यात."

"थांब जरा," आण्णासो म्हणाले.

मागच्या वेळी जेवढ्यात सगळं विझलं होतं, त्याच्या दुप्पट वेळ ते तसेच बसून राहिले. मी त्यांना उठवलं नाही. मग त्यांनी डबीचं झाकण घट्ट लावलं, एकदा दाबून पाहिलं आणि डबी तिच्या हातात दिली.